मन्मथप्पांचा वरचा एक

तेलगावात कुणालाही विचारा, मन्मथप्पांच्या तराजूचा काटा कधी खोटं बोलला नाही. लहान पोराला पैसे देऊन साखरेला पाठवा, पुडीत एक दाणा कमी भरायचा नाही. पण मन्मथप्पांनी तोंडानं एखादा आकडा सांगितला, की त्यातून एक वजा करून घ्यायचा, हेही अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

आता यात लबाडी होती म्हणाल तर जीभ झडेल. ती घराण्याची चाल होती. आजा, बाप, सगळे भुसार आणि किराण्याचे व्यापारी. धान्य मोजायला बसलं की पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, आणि मग दोन, तीन, चार. शेवटी पूज्यावर, म्हणजे शून्यावर, तर कधीच थांबायचं नाही. पन्नासावर वर एक, शंभरावर वर एक. पूज्य म्हणजे पालथं भांडं, तिथं लक्ष्मी कशाला थांबेल? पन्नास पायल्या झाल्या की वर एक मूठ सोडून मन्मथप्पा म्हणणार, “झाल्या एकावन्न!” घेणारा खूश, देणारा खूश. पुढं ती सवय जिभेला अशी चिकटली, की दाण्यांवरून माणसांवर गेली. पंगतीला किती आले? एकशे एक. भजनाला किती होते? एकवीस. त्यांच्या बायकोनं, जगदेवीबाईंनी, तीस वर्षांच्या संसारात यावर बिनबोभाट तोडगा काढला होता. नवऱ्यानं “एकावन्न पानं” म्हटलं की त्या पन्नासांची कणीक मळत.

दुकान रस्त्यावरच होतं. अलीकडं पोरगा संगमेश कर्ता झाला होता. त्यानं दारात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ टाकला होता आणि मिठाच्या पोत्यांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकवल्या होत्या. मन्मथप्पांना त्या माळा बघून हसू यायचं. “आरं, डोकं धुवायचंय का तोरण बांधायचंय?” म्हणायचे. पण पोरगा गल्ल्यावर बसतोय म्हटल्यावर त्यांना हिवाळ्यातले रविवार मोकळे मिळू लागले, आणि या मोकळ्या रविवारांचं ते काय करायचे, तर लुना काढून धरणाच्या पाण्यावर जायचे आणि पाखरं बघायचे.

हो, पाखरं! कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पायात चामडी वहाणा, आणि डोळ्याला दुर्बीण. आठ वर्षांपूर्वी ते धरणाच्या फुगवट्याकडं हरभरा बघायला गेलते. पाणी ओसरतं तशी खाली गाळाची काळीभोर जमीन उघडी पडते, तिच्यावर लोक हरभरा पेरतात. त्या गाळपेरीत त्या दिवशी पाखरं उतरली होती. बदकापेक्षा थोराड, राखी अंगाची, आणि पांढऱ्या डोक्यावर दोन आडवे काळे पट्टे. मन्मथप्पा बघतच राहिले. घरी येऊन बायकोला म्हणाले, “आगं, पाहुणे आपल्यातलेच दिसत्यात. कपाळाला पट्टे हायत. तिसरा वाटंत पुसला असंल.” तेव्हापासून नाद लागला तो लागला. धरणावरच्या एका साहेबांनी बदलीच्या वेळी त्यांना जुनी दुर्बीण दिली. तिचा डावा डोळा धुरकट होता, उजवा लख्ख. लोक चेष्टा करायचे, “काय अप्पा, किलोला काय भाव?” अप्पा हसून सोडून द्यायचे.

बीडच्या एका कॉलेजात उत्तरेश्वर सर म्हणून प्राणिशास्त्राचे शिक्षक होते. दर हिवाळ्यात जिल्ह्यातल्या पाणपक्ष्यांची मोजदाद करून ते वही ठेवतात, असं मन्मथप्पांनी पेपरात वाचलं. झालं! त्या वर्षापासून ते सरांना नेमानं कार्ड टाकू लागले. “आमच्या पाण्यावर पट्टेवाले पाहुणे आले. संख्या एकशे एक. कळावे.” चार वर्षं कार्डं गेली आणि एकाचंही उत्तर आलं नाही.

पाचव्या वर्षी, शहाण्णव साल लागायच्या तोंडावर, उत्तर आलं. सरांनी लिहिलं होतं: “आपले आकडे विश्वासार्ह वाटत नसल्यामुळे आजवर वहीत घेतलेले नाहीत. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मी स्वतः येत आहे. खात्री पटली तर उत्तम, नाहीतर आपल्याकडचं पाणी यादीतून काढावं लागेल.”

मन्मथप्पांनी पत्र तीनदा वाचलं. पाणी यादीतून जाईल ते जाईल, पण ‘विश्वासार्ह नाही’ हा शब्द त्यांच्या काळजात कुसळासारखा रुतला. ज्या घरात तीन पिढ्या मापाला बोट लागलं नाही, त्या घरच्या माणसाचं माप खोटं? त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली. “कावून जेवंनात?” जगदेवीबाईंनी विचारलं. “पोट भरलं,” म्हणाले, आणि वहाणा घालून उगाच गावातून एक फेरी मारून आले.

दुसरा रविवार उजाडला, म्हणजे उजाडलाच नाही म्हणा ना. शनिवारपासूनच आभाळ आलं होतं. पहाटे अशी धुई पडली की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. वरून भुरभुर पाऊस. “फोन करून सरांला ‘येऊ नका’ म्हणू का?” संगमेशनं विचारलं. “खबरदार!” मन्मथप्पा कडाडले. “म्हणतील, आभाळाचं निमित्त काढलं.” तेवढ्यात बीडची पहिली एसटी आली आणि तिच्यातून कानटोपी घातलेले, खांद्याला पिशवी लावलेले सर उतरले. चाळिशीचे असतील. चष्मा जाड, मिशी बारीक. “नमस्कार, मन्मथप्पा तुम्हीच ना?” माणूस बोलायला मऊ होता, पण मन्मथप्पांच्या मनातलं कुसळ काही हललं नाही. जगदेवीबाईंनी दोघांना चहा पाजला, फडक्यात धपाटे आणि तिळाची चटणी बांधून दिली. निघताना नवऱ्याला हळूच म्हणाल्या, “भांडू नका बरं का. माणूस लांबनं आलाय.”

लुनावर पुढं मन्मथप्पा, मागं सर, सरांच्या हातात उघडी छत्री. रस्त्यावर कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्या. पलीकडून वारा आला की छत्री उलटायची, आणि गाडीवान ओरडायचे, “अप्पा, उडताल ओ!” सर हसून हसून पडायच्या बेतात आले. मन्मथप्पा हसले नाहीत, कारण त्यांना पाण्यावर काय दिसणार याची धास्ती होती.

आणि दिसलं काय? काहीच नाही. काठावर उभं राहिलं तर दहा पावलांवर पाणी संपत होतं आणि पुढं नुसता पांढरा पडदा. दोन टिटव्या कुठंतरी ओरडून गेल्या. चिखलात शेपटी हलवत एक परीट पक्षी फिरत होता. सर दर दोन मिनिटांनी चष्मा पुसत होते आणि तो पुन्हा धुरकटत होता. तास गेला, दीड तास गेला. मन्मथप्पांच्या कपाळावरची विभूती पावसात ओघळून नाकावर आली. रोजच्या जागी रोजचं पाखरू नाही, आणि तेही आजच! देवानं आजचाच दिवस बघितला, असं त्यांना वाटलं.

शेवटी बाभळीखाली बसून दोघांनी धपाटे सोडले. पोटात ऊब गेली तसं मन्मथप्पांनी मनातलं बाहेर काढलं. “सर, राग नका मानू. पन तुमी कागदावर लिवलं ते लई लागलं मला. माझं माप खोटं न्हाई.”

सरांनी पिशवीतून ती चार कार्डं काढली आणि गुडघ्यावर मांडली. “अप्पा, तुम्हीच बघा. एकशे एक. मग एकावन्न. मग एकशे एकावन्न. गेल्या वर्षी एकाहत्तर. पाखरं काय मुहूर्त बघून येतात की काय? दरवेळी वर एक कसा?”

मन्मथप्पांचा घास तोंडातच राहिला. मग ते खो खो हसले. “आवो, त्यो तर आमचा वरचा एक! पुज्यावर थांबायचं न्हाई म्हनून. त्यो सोडून द्यायचा.”

सरही हसले. हसता हसता त्यांनी विचारलं, “बरं, सोडला. मग त्या एकावन्नच्या वर्षी खरे किती होते? पन्नास?”

“हां, पन्नास… का अठ्ठेचाळीस… पन्नासाच्या आसपास, मंग वर एक…” आणि मन्मथप्पा थांबले. अठ्ठेचाळीस होते, का सत्तेचाळीस? पन्नास झाल्यासारखे वाटले म्हणून पन्नास, आणि शकुनाचा एक. दाणे असे मोजले असते तर बापानं पायलीच डोक्यात घातली असती. पाखरू विकायचं नव्हतं, घेणारा कुणी नव्हता, म्हणून आपण माप सैल सोडलं. या माणसानं लिहिलं ते खरंच होतं आणि आपण त्याच्यावर दात खात होतो. त्यांना भयंकर लाज वाटली, आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. “सर, चुकलं माझं. तुमचं खरं हाय. माप खोटंच होतं.”

“अहो, एवढं काय मनाला लावून घेता,” सर म्हणाले. “पण आज एकदा खरे मोजायला मिळाले असते, तर बरं झालं असतं.” आणि त्यांनी घड्याळात बघितलं. परतीची एसटी दोनला होती.

तेवढ्यात धुईतून आधी घंटी वाजली, मग मेंढरांचा वास आला, आणि मग मेंढरं. त्यांच्यामागं घोंगडी पांघरलेला सटवा. धरणाच्या काठानं मेंढरं चारणारा हा धनगर मन्मथप्पांचा जुना ओळखीचा होता. त्यानं दोघांना बाभळीखाली भिजताना बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“अप्पा, हितं काय देवाचं ध्यान लावलंय का? तुमचे पाहुणे तिकडं टेकाडाच्या आडोशाला हायत. वारं इकडचं हाय, कावून बसतील ते हितं?”

मन्मथप्पा ताडकन उठले. “आरं, मंग चल की बे!”

“चल म्हंजे? असं दोन पायांवर गेलात तर कोसभर आधीच उडत्याल. मेंढरांत घुसून चला. मेंढराला ते भीत न्हाईत.” त्यानं बरोबरच्या सामानाच्या घोड्यावरची दोन घोंगडी काढली, एक अप्पांच्या डोक्यावर टाकली, एक सरांच्या. “वाका. आन् बोलू नका.”

मग काय विचारता! तेलगावचे प्रतिष्ठित व्यापारी आणि बीडच्या कॉलेजातले शिक्षक, दोघं कमरेत वाकून, भिजल्या घोंगड्यांचा वास घेत, मेंढरांच्या मधून चालले. एक एडका सरांना सारखा ढुशी मारत होता. सरांनी हळू आवाजात विचारलं, “किती मेंढरं आहेत तुमची?”

सटवानं जीभ चावली. “लक्ष्मी मोजीत न्हाईत, सर.”

“मग एखादं हरवलं तर कळतं कसं?”

“दिसतं की,” सटवा म्हणाला, जणू सरांनी भलतंच काही विचारलं होतं.

टेकाडाच्या पलीकडं वारा अडला होता आणि धुई थोडी विरळ झाली होती. मेंढरं थांबली. घोंगडीची कड वर करून मन्मथप्पांनी बघितलं, आणि त्यांच्या तोंडून “शिवा शिवा!” निघून गेलं. हिरव्या हरभऱ्याच्या कडेला, पाण्याला लागून, सगळे पाहुणे! कुणी चरत होते, कुणी एका पायावर झोपले होते, कुणी पंख झटकून पाणी उडवत होते. डोक्यावरचे पट्टे साध्या डोळ्यांनी दिसत होते. सरांनी मन्मथप्पांचा दंड गच्च धरला. “पट्टकादंब,” ते पुटपुटले. हिमालयाच्या पलीकडून येतात, म्हणाले.

“मोजा,” सर कुजबुजले. “तुम्ही वेगळे, मी वेगळे. शेवटी ताळा घेऊ.”

मन्मथप्पांनी दुर्बिणीचा लख्ख डोळा लावला. लाभ, दोन, तीन… धान्य मोजताना करत तसे ओठ हलू लागले. मधेच एकानं जागा बदलली, पुन्हा पहिल्यापासून. लाभ, दोन, तीन… तिसऱ्यांदाही तेच आलं. साठ. बरोब्बर साठ. जिभेच्या टोकावर ‘एकसष्ट’ येऊन बसलं होतं, तीन पिढ्या मागून ढकलत होत्या. अंगावर पाऊस असून त्यांच्या कपाळाला घाम आला.

“बोला अप्पा,” सर म्हणाले.

मन्मथप्पांनी दुर्बीण खाली घेतली. “साठ,” ते म्हणाले. “पुज्यावर साठ.”

“माझेही साठ!” सरांनी खिशातली वही काढली, घोंगडीच्या आत धरली आणि लिहिलं. मन्मथप्पांना छातीवरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. हलकं वाटलं, आणि जरा रितंही.

“न्हाई वो,” मागून सटवा म्हणाला. “येक मागं ऱ्हायलंय.”

दोघांनी वळून बघितलं. सटवानं काठीनं दाखवलं. “त्यो कडंचा बघा. समदे चरायल्यात, आन् त्यो मान वर करून त्या बोरीच्या जाळीकडं बघायलाय. मगाधरनं चोच खाली घातली न्हाई त्यानं. ज्याचं मागं ऱ्हायलेलं असतं, त्याला चारा ग्वाड लागत न्हाई. मेंढराचं बी असंच हाय.”

खरंच होतं. मन्मथप्पांनी तीन वेळा त्या पाखराला मोजलं होतं, पण ते चरत नाही हे काही त्यांनी बघितलं नव्हतं. सगळे गप बसून जाळीकडं बघू लागले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सरांनी घड्याळाकडं बघायचंही सोडून दिलं. मग तो मान वर केलेला पाहुणा एकदाच ओरडला, आणि जाळीतून बारीक आवाजात उत्तर आलं. गवत हललं. एक पाय ओढत, थांबत थांबत, एक पाखरू बाहेर आलं. उभा होता तो पाणी तुडवत त्याच्याकडं गेला, दोघांनी माना खालीवर केल्या, आणि मग कुठं त्यानं हरभऱ्याला चोच लावली.

मन्मथप्पांचे डोळे भरून आले. “आलं गं माय,” ते म्हणाले. त्यांना पाखराचाच आनंद झाला होता, आकडा अजून डोक्यातच शिरला नव्हता. तो शिरला तेव्हा ते दचकले. “सर! सर, साठच ऱ्हाऊ द्या. तुमाला हात जोडतो. आता एकसष्ट लिवलं तर कोन खरं मानील?”

सर घोंगडीत तोंड खुपसून हसत होते, आवाज होऊ नये म्हणून. “अप्पा, इतकी वर्षं नसलेला एक लिहिलात, आणि आज असलेला खोडता? ते लंगडं एवढं चालत आलं आणि तुम्ही त्याला मोजायचं नाही म्हणता?” त्यांनी साठावर काट मारली आणि पेन मन्मथप्पांच्या हातात दिलं. “तुम्ही लिहा. सही करा. मी खाली सही करतो.”

मन्मथप्पांनी ओले हात धोतराला पुसले आणि सरांच्या वहीत जपून, गोलवट अक्षरात लिहिलं, एकसष्ट. सटवाला सही करता येत नव्हती. “माझं काय लिवायचं?” त्यानं विचारलं. “म्या कुठं मोजलंय?” तरी सरांनी त्याचं नाव लिहिलंच.

दोनची एसटी जेमतेम सापडली. खिडकीतून सरांनी ओरडून सांगितलं, “पुढच्या जानेवारीत येतो! घोंगडी तयार ठेवा!” गाडी गेली तरी मन्मथप्पा हात हलवत उभे होते.

घरी आले तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखले होते, आणि अंगाला मेंढरांचा असा वास मारत होता की संगमेशच्या गिऱ्हाईकाला नाक धरायची वेळ आली. जगदेवीबाईंनी कढत पाणी काढलं, चुलीपुढं पाट मांडला. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. भांडण झालं का? नाही. पाखरं दिसली का? दिसली.

“किती होते?”

“एकसष्ट.”

“साठ का? बरे आले की अंदा,” असं म्हणत त्या तव्यावर भाकरी टाकायला वळल्या.

मन्मथप्पा म्हणाले, “न्हाई गं. साठ न्हवं. एकसष्ट. म्या मोजलेत.”

जगदेवीबाईंनी मागं वळून नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. मग त्या बोरीच्या जाळीची, लंगड्याची आणि मान वर करून उभ्या राहिलेल्याची सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली. तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली.

“आन् त्या लंगड्यानं काही खाल्लं का मंग?” त्यांनी विचारलं.